दोन पौंड

इंदूरच्या रेसकोर्स रोडवर, क्लबाच्या टाकीखाली
माझं गटिंगचं मशीन आहे. वडिलांनी घेतलेलं, स्प्रिंगवालं.
बावन्नवर लावलं तर पन्नासच ओढतं.
इथल्या पोरांना ठाऊक आहे. "काका, दोन जास्तीचे," म्हणतात,
मी मुकाट्याने काटा सरकवतो.

तो आला क्वालिफाइंगच्या आदल्या संध्याकाळी,
दोन रॅकेटी आणि दोऱ्याचं अर्धं संपलेलं रीळ घेऊन.
नाव तेविता. मी म्हटलं, आमच्याकडे हे पोरीला शोभेल.
हसला. वय एकतीस, रँकिंग सातशे अठ्ठ्याऐंशी,
गुडघ्यावरची चिकटपट्टी आधीच्या कुठल्यातरी शहराची.

देश कुठला? ड्रॉच्या कागदावर
नावापुढे तीन अक्षरं होती, ती मला लागली नव्हती.
त्याने काउंटरवरचा पेपर ओढला,
सोयाबीनच्या भावाशेजारी बॉलपेनाने ठिपका काढला.
म्हणाला, एवढा मोठा नाही.

बेटावर कोर्ट एकच, विमानतळाच्या तारेला लागून.
विमान उतरताना सर्व्हिस थांबवायची.
विमानं आठवड्याला दोनच,
त्यामुळे सरावात फार खंड पडला नाही.
लांब गेलेला बॉल समुद्रात. बॉल महाग.
म्हणून त्याचा सगळा खेळ
लहानपणापासून रेषेच्या हातभर आत.

देशासाठी खेळायचं तर शुक्रवारची सिंगल्स तो, रविवारचीही तो.
डबल्सला कोणीतरी शेजारी उभं राहतं.
एकदा फेडरेशनचा खजिनदार राहिला होता, शर्ट खोचून.

मी दोरा ओढत ऐकत होतो.
म्हणाला, तुमचं शहर उंचावर आहे, इथे बॉल उडतो. चौपन्न ठेव.
साडेपाचशे मीटर!
इथेच जन्मून आम्हाला कधी उंचावर असल्यासारखं वाटलं नाही.

काटा चौपन्नवर लावला.
छप्पन्नवर लावायचा होता. निदान सांगायचं होतं.
परक्यासमोर वडिलांच्या मशीनला खोटं पाडायचं
जिवावर आलं असेल,
किंवा नऊ वाजले होते आणि बायकोचा फोन येत होता.
दोन्ही कारणं खरी आहेत. त्यांनी काही होत नाही.

कोर्ट नंबर चार. बघायला मी, माळी
आणि समोरच्या पोराची आई.
पोरगा देवासचा, सतरा वर्षांचा, वाइल्डकार्डवाला.
त्याचं गटिंगही माझंच. दोन जास्तीचे.

पहिला सेट तरीही तेविताने घेतला, सहा-चार.
दुसऱ्यात फोरहँड लांब जाऊ लागले.
फार नाही. दोन बोटं, चार बोटं.
प्रत्येक वेळी तो दोरे सारखे करायचा,
मग स्वतःच्या मनगटाकडे बघायचा.
माझ्याकडे एकदाही नाही.
टायब्रेक दहा-आठ.
शेवटचा बॉल जिथे पडला
तिथे त्याच्या घरी कुंपण संपतं.

संध्याकाळी पैसे द्यायला आला. मी म्हटलं, राहू दे भिया,
मशीन दोन पौंड कमी ओढतं.
हे तेव्हा म्हटलं.
त्याने रॅकेट कानाशी धरून अंगठ्याने वाजवली.
"मला वाटलं, मीच," एवढंच बोलला.
नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या, सुट्टे घेतले,
भोपाळची बस कुठून सुटते विचारलं.

दर सोमवारी यादी बघायचो.
आठशे चाळीस. हजार एकोणीस.
मग एका सोमवारी खालपर्यंत गेलो, पुन्हा वर आलो,
नव्हतं.

स्प्रिंग बदलली आहे. आता बावन्न म्हणजे बावन्न.
पोरं सवयीने दोन जास्तीचे मागतात,
आणि दुसऱ्या दिवशी येऊन कुरकुरतात,
काका, फार कडक झालंय.