शेरा

कॅम्पातल्या बागेमागं, जुन्या पंपघरात
मला एक टेबल मिळालंय, एक पंखा,
आणि एकशे बारा वह्या.
काम सोपं आहे. वहीतला पाऊस संगणकात घालायचा,
इंचांना पंचवीस पूर्णांक चार दशांशानं गुणून.
पानाला तीन रुपये. कंत्राट मार्चअखेर.

कसरीनं दशांशचिन्हं खाल्लीत,
माश्यांनी नवी घातलीत.
एका जुलैच्या रात्री चार इंच पडला की बेचाळीस
हे ठरवायला भिंग घेऊन बसते,
तांदूळ निवडावेत तशी.

साहेबाचं अक्षर उजवीकडं कललेलं,
वाऱ्यात उभं राहून लिहिल्यासारखं.
तारीख, पारा, पाऊस,
आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्याचा.
तिथं तो सैल सुटायचा:
‘वाटाण्याची फुलं कुजली. गोगलगायी. पुन्हा गोगलगायी.’
‘स्ट्रॉबेरी अकरा. माकडांनी नऊ.’
‘धुकं साडेदहापर्यंत. अगदी घरच्यासारखं.’
एका डिसेंबरात:
‘गवतावर पांढरं दिसलं, धावलो.
कोळ्यांची जाळी होती. दव.’

मोजायचा मात्र माळी, भरमा सांबरेकर.
रोज सकाळी आठला, बाटली डोळ्यांसमोर धरून.
महिन्याच्या तळाशी त्याचा अंगठा,
निळा, मधोमध चिरलेला.
कात्रीचा वण असेल. की विळ्याचा.

पुठ्ठ्यांवर सरकारं बदलत गेली, लेबलावर लेबल.
मुंबई, मग म्हैसूर, मग आत्ताचं.
मी सोलून बघत नाही.
डिंकाचा वास बोटांना राहतो, जेवताना येतो.

सदतिसावी वही. प्लेगचं साल.
गाव माळावर गेलेलं, चटयांच्या झोपड्यांत.
साहेबही नाही, कुठं गेला लिहिलेलं नाही.
आणि तरी सप्टेंबरचे अकरा दिवस भरलेले,
पेन्सिलीनं, आपल्या आकड्यांत.
पाच चुकून उलटा, मग खोडून सुलटा.
शेऱ्यात पहिल्या दिवशी: ‘बानं सांगितलं म्हणून.’
मग काही नाही, नुसते आकडे,
०.३१, ०.०४, १.१०.
नवव्या दिवशी: ‘बा नाही.’
त्याच्यासमोर पाऊस ०.६२.
दहाव्या दिवशी ०.१८.
अकराव्या दिवशी शून्य, आणि ‘भांडं धुतलं.’

त्यावर नंतर कुणीतरी तांबडी रेघ ओढलीय.
इंग्रजीत: अविश्वसनीय, गाळावे.
महिन्याच्या तळाशी जागा कोरी.

दुपारी होसमनी सरांचा फोन, धारवाडहून.
‘मळे एष्टु?’
त्यांच्यात मळे म्हणजे पाऊस.
एवढी वर्षं ऐकतेय, तरी माझ्या कानाला
आधी भाजीचे वाफेच दिसतात,
‘दोन, सर,’ म्हणून गेले.
ते हसले. मी पण.
‘सदतीस नंबरमध्ये काही अडचण?’
म्हटलं, नाही हो. अक्षर जरा लहान आहे.

पडद्यावर शेऱ्याला रकाना नाही.
तारीख, मिलिमीटर, आणि एक चौकट:
शंकास्पद, होय की नाही.
खानापूरची वही काढून ताडून बघितलं.
तिकडं त्या आठवड्यात कुणीच मोजलेलं नाही.
सात पूर्णांक नऊ, एक पूर्णांक शून्य,
अठ्ठावीस. किती तरी वेळ
पंख्याखाली पान धरून बसले.
मग नाही दाबलं. अकरा वेळा.
संगणक दरवेळी विचारतो, नक्की?

सुटले तेव्हा बुरबुर चालू होती,
छत्री उघडावी की नको अशी.
हिरवळीवरचं नवं यंत्र आपोआप मोजतं,
कुठंतरी वर पाठवतं.
त्याच्यावर शून्य होतं.
माझी ओढणी खांद्याला चिकटलेली.
वाकून बघितलं तर नरसाळ्यात
बुचाची तीन फुलं, देठासकट, घट्ट बसलेली.
ती काढली.
आता हे कळवायचं कुणाला,
कुठल्या रकान्यात,
म्हणून जरा वेळ तिथंच उभी राहिले,
फुलं हातात,
आणि आत पाणी उतरल्याचा आवाज आला,
एकदाच.