बुधवारी नक्की

दुकान विकलं. मशीन पाथरीच्या पोरीला दिली.
कापायचा टेबल तेवढा घरी आणला,
सहा फूट बाय साडेतीन, सागवान,
किनवटकडचं, असं विकणारा तेव्हा म्हणाला होता.
सून म्हणाली, आत्या, जेवायला होईल,
वरून काहीतरी मारून घेऊ.

हे काहीतरी म्हणजे काय
ते बघायला सेलूच्या स्टेशन रोडला गेले.
काउंटरवर डबेच डबे, सगळ्यांवर एकच शब्द, पारदर्शक.
दुकानातल्या पोरानं नमुन्याच्या पट्ट्या मांडल्या,
मी पॉपलिनचे तुकडे मांडायचे तशा:
ही चकचकीत, ही मंद,
ही अशी की काही लावलंय हे कळूही नये.
सवयीनं चिमटीत धरून बघितल्या.

मेलामाइन कडक, पण नखाखाली कपबशीसारखं वाजतं.
चपड्याचं स्पिरिट पॉलिश दिसतं गोड,
गरम पातेलं टेकलं की पांढरं कडं,
आणि आमच्यात पातेलं टेकल्याबिगर भाजी वाढलीच जात नाही.
पाण्यातला सीलर घ्या, पोरगा म्हणाला,
वास नाही, दोन तासांत वाळतो, पिवळा पडत नाही.
मग तेलाचं वार्निश कशाला ठेवलंय?
जुनी माणसं मागतात.

मागच्या साली मुलानं अंगणातल्या शहाबादीवर
असंच काही ओतलं होतं.
फरशी तेव्हापासून ओली दिसते.
भर मे महिन्यात टँकरची वाट बघत उभं राहावं
आणि पायाखाली हे खोटं पाणी.
दोनदा घसरले.

तरी पाण्यातलाच डबा घेऊन आले.
चाँदपाशा पॉलिशवाल्यानं तो उघडलाही नाही.
आधी ओल्या फडक्यानं पुसा, म्हणाला,
ओलं लाकूड दिसतं, तोच वार्निशचा रंग.
"लकडी झूट नै बोलती, बाई.
सूखी रहे तो चुप रहती, बस."

पुसलं.
रोलरच्या टोचणीचे ठिपके रांगेनं उठले,
कात्रीचे ओरखडे, इस्त्रीचा करपलेला त्रिकोण,
आणि डाव्या कोपऱ्यात, जिथं माझं कोपर टेकलेलं असायचं,
जांभळं काही फुटायला लागलं.
कॉपिंग पेन्सिल.
कोरडी असताना राख, पाणी लागलं की वांगं.
छाती बत्तीस. बाही नऊ.
खाली माझंच अक्षर: बुधवारी नक्की.

नाव नाही.
एकतीस वर्षांत मी किती बुधवार वाटले,
आणि किती जणींना म्हणाले,
काजं-बटणं राहिलीत गं, उद्या ये.
ही कोण? हळदीचा ब्लाऊज होता
की बालवाडीच्या नोकरीचा पहिला दिवस?
दाराशी आली आणि तशीच फिरली?
बत्तीस आता चाळीस झाली असेल.

"कपडा हटाओ!" चाँदपाशा ओरडला, "फैल रहा है."
तोवर नक्कीचा डाग झाला होता.

पाण्यातला सीलर बाकीचंही धुऊन नेणार.
स्पिरिटही ओढणार.
तेल तेवढं वरून जाईल, अक्षराला न दुखवता.
पिवळं पडेल, तो म्हणाला. वास राहील. धूळ बसेल.
बसू दे. डबा बदलून आण.

तो कोपरा सोडून घासकाम केलं.
तीन हात दिले, एकेक दिवसाआड.
दुसऱ्या हाताला वावटळ आली,
काळ्या मातीचा एक कण आत राहिला,
अजून बोटाला लागतो.
तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्यानं बजावलं,
आपोआप पेटतात, दोरीवर सुट्या पसरा.
जन्मभर मी चिंध्यांच्या गोण्या भरल्या,
हे कुणी बोललं नव्हतं.

नातू त्याच कोपऱ्यावर ताट ठेवतो.
आज्जी, बुधवारी काय आहे?
वरण सांडू नको, मी म्हणते.