तिसरी थाप

कॅसेट लावली की आधी पडद्यावर बर्फ पडतो,
मग आडव्या रेघा, मग आर्मरीचं पत्र्याचं छत,
आणि छताखाली मी:
काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, डोक्यावर अजून केस.
एकोणऐंशीचा फेब्रुवारी. बाहेर ओहायो नदी काठाकाठाने गोठलेली.
सात लढती होत्या त्या रात्री.
सातही निकाल मला दुपारीच ठाऊक होते,
प्रमोटरने डोनटच्या पिशवीवर पेन्सिलीने खरडून दिलेले.
पिशवी तेलकट. सहावा निकाल नीट वाचता येईना.

पहिली लढत कुणालाच आठवत नसते.
दोन पोरं एकमेकांचे दंड धरून गोल फिरतायत
आणि लोक अजून कोट काढतायत.

दुसरीत व्हर्लिन स्टॅम्पर.
त्याला ठेवलाच होता पडायला.
आठवडाभर कोळशाच्या खाणीत, शनिवारी आमच्याकडे,
अकरा वर्षं पडला माणूस.
हनुवटी छातीला, तळहात आधी,
आवाज मोठा, मार लहान.
काल टेप थांबवून थांबवून पाहिली,
तर पडता पडता तो समोरच्या नवख्या पोराचं डोकं
स्वतःच्या पंजाने झाकतो.
मी तेव्हा दोन हातांवर उभा होतो.
दिसलं नव्हतं.

चौथी टेपवर नाहीच.
तिथे कुणीतरी वाढदिवस भरलाय:
कोण कुठली मुलगी मेणबत्त्या फुंकते,
एक उरते, ती परत फुंकायला वाकते
आणि एकदम दोरांवर आदळतो तीनशे पौंडांचा माणूस.

आता सातवी.
सायबेरियाचा कसाई येतोय. ऐका शिव्या.
खरा डेल्बर्ट हॅचर, आयर्नटनचा,
सिनसिनाटीच्या पलीकडे कधी गेला नाही.
पहिल्या रांगेतली मिसेस पर्डी त्याला छत्रीने हाणते.
तिची खुर्ची त्याला माहीत असायची;
दुसरी वाट मोकळी असली तरी तो तिच्याच बाजूने यायचा.
आणि मागे, गाडीच्या अंधारात,
त्याची लेक सीटखाली बसून गृहपाठ करायची,
कसायाला मुलगी असते हे गावाला कळू नये म्हणून.

समोर रॉयस क्लेपूल, सोनेरी केसांचा लाडका.
ठरलं होतं: कसाई त्याला आपटेल, मी दोन मोजेन,
दोनवर क्लेपूलचा खांदा उठेल, छत डोक्यावर येईल.

एक.
दोन.

खांदा उठला नाही.

इथे टेपवर माझा हात हवेत आहे.
पाहणाऱ्याला वाटेल, टेप अडकली.
मी त्याचा पंजा दाबला. पकडीआड आमची खूण होती,
ठीक असशील तर उलट दाब.
पंजा ओल्या कणकेसारखा.

डेल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.
मग तो उठला, माझ्यावर खेकसला, लोकांवर थुंकला,
स्वतःच्याच पायात पाय घालून घसरला
आणि असा आडवा झाला
की क्लेपूलचा निर्जीव हात त्याच्या छातीवर यावा.
दातांतून म्हणाला, मोज, लोवेल. आणि डॉक्टर बोलाव.
तिसरी थाप मी मारली.
तेवढी जोरात मी आयुष्यात काही आपटलं नाही.
लोक खुर्च्यांवर चढले. मिसेस पर्डी रडली.

नुरा कुस्ती, म्हणतात लोक.
म्हणोत. ठरलेलं होतंच सगळं,
ते एवढं सोडून.

क्लेपूल वाचला, पुढे टायर विकायचा.
व्हर्लिनच्या फुप्फुसांनी त्याला नेलं.
डेल्बर्ट टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहे, खिडकीपाशी.
मला तो धोबी समजतो, चादरींची चौकशी करतो.
रविवारी जातो मी. त्याचा पंजा हातात घेतो, दाबतो,
थांबतो.
कधी काहीतरी हलतं. त्याचं की माझं, सांगता येत नाही.
नर्स म्हणते, वेळ संपली.
मी म्हणतो, अजून दोनच झालेत.