बावटेवाली

पाव्हणं संकेश्वरास्नं आलेत, नात बघायला.
मध्यस्थ भीमगोंडा दारातच माझ्या कानाला लागला,
"गोदाक्का, आज तेवढं बावट्याचं काढू नका."
मी काढलं न्हाई.
पोह्याची बशी खाली ठिवताना पाव्हण्यानंच काढलं,
"तुमीच त्या बावटेवाल्या म्हणं?"
म्हणताना ओठाचा कोपरा असा दुमडला
जशी दाढंत अडकलेली सुपारी काढावी.

बसा. च्या होस्तवर सांगते.

ह्या निपाणीत सगळ्याला दोन नावं.
पाण्याला नीरू, भाकरीला रोट्टी,
थांब्यावरच्या पाटीवर तर
एक भाषा आली की दुसरीला डांबर.
पर माझी शिवी दोन्हीकडं एकच,
हिकडं बावटा, तिकडं बावुटा.
फौजदार कानडीतनं वरडला, शेट मराठीतनं,
मला कुणाकडनं अर्थ इचारायला लागला न्हाई.

वखारीत चौदा वर्सं चाळण हलवली.
खकाणा नाकात, खकाणा डोळ्यात,
अंगावरचं पोर शिंकायचं ते बी तंबाखूच.
सांजंला दारात झडती.
लुगडं झटका, चोळी झटका,
चिमूटभर पाला घरला जाईल म्हणून.
तवा माझं नाव काय हुतं?
"ए चाळण."
पगाराला अंगठा. अंगठ्याला कुठलं नाव.

एक दिस जैतुनबी म्हणाली,
आज झडती द्यायची न्हाई.
एवढंच. दुसरं काय भाषण न्हवतं.
सकाळी तिच्या लेकीचा परकर फाडून काठीला लावला,
लालच निघाला, काय करणार.
वर्गणीच्या पावतीवर सही पायजे म्हणून
मी गोदाक्का लिवायला शिकले.
क्का काढताना पेन्सिल मोडली.

खोटं कशाला बोलू, सगळं सोनं न्हवतं.
संपाच्या सातव्या आठवड्यात आमचाच एक पुढारी
शेटच्या मोटारीतनं उतरताना बघितला मी.
आणि मी बी.
बेळगावच्या दवाखान्यात नर्सनं इचारलं तवा
म्हटलं, न्हाई बाई, मी कुठली बावटेवाली.
पल्याडच्या खाटेवर जैतुनबी हुती.
तिनं तोंड भितीकडं केलं.
त्यावर कधी काय बोलली न्हाई,
मरंपातूर न्हाई.

म्हणून आता कुणी म्हटलं की मी ओ देते.
जरा मोठ्यानंच,
पल्याडच्या खाटंपातूर जाईल एवढ्यानं.

ही पोर कारखान्यात जाते.
सुटताना दारात हिचं लुगडं कोण झटकत न्हाई.
का झटकत न्हाई, ते तिला बी ठावं न्हाई,
तुमाला तर कुठनं असणार.

घ्या, च्या आला.
साखर कमी असंल तर मागून घ्या.
मागायला ह्या घरात कोण लाजत न्हाई.