तुटलेला तुकडा मिळाला

फिरकेसाहेब,
बोदवडच्या एसटीने पाठवलेला तुमचा गोणपाटातला तुकडा
मिळाला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे.

तुम्ही लिहिता: सहा नग. एसजी आयर्न. शेल मोल्डिंग.
"पुन्हा कधी तुटणार नाही असं ओता."

लोटन मिस्तरी तुकडा घेऊन उन्हात गेले.
जळगावचा मे महिना, आणि भट्टीजवळून आलेला माणूस
दारात उभा राहून म्हणतो, जरा गार वाटलं.
तुटल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.
करडी, बारीक साखरेसारखी रवाळ.
बुडबुडा नाही, वाळू अडकलेली नाही,
कडेला पांढरा पट्टा नाही.
"हाई बीड चांगलं शे," म्हणाले.
आणि मला फोन लावायला लावला:
शाफ्टचं काय झालं, विचारा.

तुमच्या फिटरने सांगितलं.
हंगाम संपता संपता कपाशीतून दगड आला, मुठीएवढा.
शाफ्ट? काही नाही.
रोलर? काही नाही.
गाळ्यावरचा पोरगा?
फिटर जरा थांबला.
घाबरला. बाकी काही नाही.

मिस्तरींनी तुकडा टेबलावर ठेवला.
नेहमी टाकतात. या वेळी ठेवला.

एसजी आम्ही ओततो, साहेब.
बादलीत मॅग्नेशियम पडलं की क्षणभर
सगळ्यांचे चेहरे चुन्याने सारवल्यासारखे होतात.
कार्बन मग पापुद्र्यांत बसत नाही,
खसखशीसारखा गोळा होतो,
आणि हातोडी मारली तर देवळातली घंटा.
ते लोखंड वाकेल, ताणेल, सोडणार नाही.
पण त्या दिवशी त्याने सोडलं नसतं
तर दगडाचा धक्का पुढे कुठे गेला असता,
तो हिशोब तुम्ही करा. मी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

म्हणून ब्रॅकेट साध्या बिडातच.
गिअरचं चाक मात्र एसजीत घ्या,
त्याने तुटून चालत नाही.

शेलचं म्हणाल, तर सहा नगांसाठी डाय बनवणं
म्हणजे एका वांग्याच्या भरताला
अख्ख्या वावरातली काडी पेटवणं.
कच्च्या वाळूत ओतू.
तापीची नाही, ती भिंतीला बरी;
तिच्यात गाळ असतो, वाफेला वाट मिळत नाही.

पॅटर्न सत्तारभाईंनी सागात केलाय.
त्यांची पट्टी वेगळी, फुटामागे एक सूत लांब.
गार होताना लोखंड तेवढं अंग चोरतं,
ते त्यांनी आधीच धरलेलं असतं.
लग्नाला पोरीचा ब्लाउजही ते उलट हिशोबाने
एक बोट सैल शिवायला सांगतात. असो.

चूक एकच होती, आतला कोपरा काटकोनात होता.
चीर तिथूनच निघाली.
तिथे चामड्याची पट्टी बसवली आहे, गोलाई येईल.
तुटेल तेव्हा तुटेल,
पण दगड आल्यावर. उगाच नाही.

माल: पाचोऱ्याच्या भंगारातले इंजिन ब्लॉक, ब्रेक ड्रम.
शिवणयंत्राचे पाय निघाले की मिस्तरी वेगळे काढतात.
नक्षी देखणी, पण फॉस्फरस फार, ठिसूळ करतो.
तसले सतरा पाय मागच्या भिंतीला टेकून उभे आहेत.
विकायचं म्हटलं की ऐकू येत नाही त्यांना.

भट्टी गुरुवारी लागेल.
दर सोबतच्या कागदावर. जीएसटी वेगळा.
पॅटर्नचे पैसे एकदाच.

जुना तुकडा परत मागितलात.
सध्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावला आहे.
त्या पोराला हवा असेल तर कळवा.
एसटीनेच पाठवते,
अर्ध्या तिकिटावर.

आपली,
कुमुदिनी खैरनार