त्येच्या मनावर हाय

रंकाळा स्टँडवरून सहाची गाडी.
कंडक्टर म्हणाला, "दाजीपूर? आज? दोघीच?"
शमा मुल्लानं पाचशेची नोट पुढं केली.
उरलेले पैसे त्यानं तिकिटामागं लिहून दिले,
ती बघत राहिली त्याच्याकडे, चष्म्यावरून,
एकवीस वर्षं बँकेच्या काउंटरवरून
जशी माणसं बघत आली तशी.

माझ्या पिशवीत चार भाकरी, खर्डा,
गुडघ्याचा पट्टा
आणि डॉक्टरांचं न ऐकलेलं एक वाक्य.

फाट्यावर जानू झोरे उभा होता,
खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या चपला.
"समुद्र दिसेल का?" शमानं पहिलं हेच विचारलं.
तिचं आजोळ वेंगुर्ल्याचं.
जानू म्हणाला, "त्येच्या मनावर हाय."

मग चढ.
कारवी, अंजनी, जांभळीच्या मुळ्या पायऱ्यांसारख्या,
आणि मुळ्या नाहीत तिथं नुसता घसरता मुरूम.
एका वळणावर शेणाचा पो, अजून वाफाळता.
जानूनं हात आडवा धरला.
गवा आम्हाला दिसला नाही.
पण दहा मिनिटं आम्ही तिघं
त्याच्या नसण्यासमोर उभे होतो
इतक्या अदबीनं, की मॅनेजरच्या केबिनबाहेरही
मी कधी तशी उभी राहिले नव्हते.

झाडी सरली आणि एकदम सडा.
जांभ्याचा कातळ, उताणा, तापू लागलेला.
पूर्वेकडे धरणाचं पाणी,
इतकं मुकाट
की ढगसुद्धा त्यातून चवड्यांवर चालत होते.
पाण्यात बेटं. मी मोजली. सहा.
"भादव्यात दोनच असत्यात," जानू म्हणाला,
"चैतात या, अकरा दावतो.
मिरगाच्या तोंडाला बेट एक बी न्हाई,
समदं पुन्ना डोंगर."

मग बोटानं दाखवत,
"ती मधली बुटकी दिसती न्हवं?
आई लाकडाला गेलती.
वझं खाली ठेवलं, मला जलम दिला,
अन् दिस बुडायच्या आत
वझं अन् मी, दोनी घिऊन घरला आली.
आता जल्माच्या जागी जायाचं
तर होडी लागती."
तो हसला. आम्हाला हसावं की नाही कळेना.
किती फॉर्म तपासले मी आजवर,
जन्मस्थळाच्या रकान्यात
बेट असं कुणी लिहिलं नव्हतं.

पश्चिमेकडे सडा मोडतो
आणि खाली कोकण, धुरकट, खोल.
शमा कड्याच्या दोन हात अलीकडे पालथी पडली,
ओढणीनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"दिसतंय," म्हणाली.
मला दिसली पत्र्याची एक रेघ
आणि रेघेवर एक ठिपका.
"बेट आहे ते. आजोळच्या माडीवरून दिसायचं.
रात्री दिवा लागायचा त्याच्यावर,
मामू म्हणायचा, झोप आता, तो जागा आहे."
"जहाज असेल," मी म्हटलं.
"न्हाईतर काचंवरली धूळ," जानू म्हणाला.
तिनं आमच्यातल्या कुणाचंच ऐकलं नाही.
भाकरी सोडेपर्यंत ती तशीच होती,
हनुवटी कातळावर,
पाठीवर वाळकं गवत, मुंग्या.

"तुम्ही गेलायत का कधी समुद्राला?"
जानूनं खर्डा भाकरीवर पसरला.
"गेलतो योकदा. जनावरांस्नी चालायचं न्हाई
त्ये पानी. आलो माघारी."

उतरताना गुडघा बोलायला लागला.
मी त्याला बोलू दिलं.
एका ठिकाणी शमाही थांबली, दम खायला म्हणून,
पण तोंड मागंच होतं तिचं.
तिथून आता झाडांखेरीज काही दिसत नव्हतं.

शेवटच्या गाडीला तोच कंडक्टर.
फुलेवाडी सोडली, रंकाळ्यावर दिवे लागले होते,
काठावर भेळेच्या गाड्या, पोरं, बदकं.
इथं म्हणे आधी खाण होती.
रोज वळसा घालते मी या पाण्याला
आणि कधी विचारलं नाही
आत काय काय उभं आहे.

"दिसला का मग समुद्र?" कंडक्टरनं विचारलं.
शमानं पर्समधून सकाळचं तिकीट काढलं,
उलटं केलं,
"तीनशे साठ द्यायचेत तुम्ही."