पोटमाळा

मूळजी जेठा मार्केटात आमच्या दुकानाच्या पोटमाळ्याला
सगळे टिंबक्टू म्हणतात.
न खपलेलं कापड, जुन्या वह्या, जळका पंखा...
धरमशीशेठ मान न वळवता सांगतात,
"टाक टिंबक्टूत,"
आणि टाकलेलं पुन्हा दिसत नाही.

मंगळवारी एक उंच माणूस आला.
अल्हुसेनी. मलमल बोटांत चोळून पाहायचा,
मान हलवायचा: याहून गडद. याहूनही.
बिलासाठी गाव विचारलं.
त्यानं सांगितलं.
दुकानभर हसू फुटलं, शेठचा चहा बशीबाहेर.
तो थांबला, आणि स्पेलिंग सांगू लागला,
एकेक अक्षर,
सवय असल्यासारखा.

मी शिडी लावली.
वर, पंख्याच्या पात्यांमागे, सापडला तो निळा,
सात वर्षं अंधारात पडलेला,
बारा ताके.
खाली आणले तर त्यानं आधी गाल लावून पाहिला,
मग भाव विचारला.

जाताना खिशातून एक करडा खडा काढला.
तिकडे मीठ लादीसारखं खणतात म्हणे,
उंटावरून येतं, पंधरा पंधरा दिवस.
मी जिभेला लावला.
माझा बाप भांडुपच्या मिठागरात फळी ओढायचा,
टाचांच्या भेगा शेवटपर्यंत मिटल्या नाहीत त्याच्या.
हे मीठ जरा कडवट होतं.

काल शेठ म्हणाले, "ते खोके टाक रे..."
आणि पुढचा शब्द त्यांना सुचेना.
खोके अजून काउंटरखालीच आहेत,
पायात येतात.